केर्तूबाईंची अकरा घरं

केर्तू लात्वालाबाईंशी गप्पा मारायला गावात कुणी जात नसे, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नसे. चव्वेचाळीस वर्षं त्या आमच्या चर्चच्या कचेरीत कारकून होत्या. कोण जन्मलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण कुठल्या घरी राहायला गेलं, कोण कशानं गेलं, या सगळ्या नोंदी त्यांच्या हातच्या. अक्षर छापल्यासारखं आणि तोंड शिवल्यासारखं. निम्म्या गावाची अंडीपिल्ली त्यांना ठाऊक होती आणि त्यातला एक शब्द कधी कचेरीच्या दाराबाहेर आला नाही. आमच्या गावात कुणाच्या अंगणात नवी गाडी उभी राहिली, तर संध्याकाळच्या आत तिचा रंग नदीपलीकडे कळतो. तिथे हे जमवणं सोपं नव्हतं.

लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे ठरलं होतं. आर्वो किवेला नावाचा मुलगा होता. चर्चमध्ये तीन रविवार दोघांच्या लग्नाचा पुकारा झाला, आणि महिन्याभरात आर्वो पोटाच्या आजारानं अंथरुणाला खिळला. तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूची नोंद केर्तूबाईंनीच केली, कारण कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. पुकाऱ्याच्या वहीत दोघांच्या नावापुढे 'लग्न झाले नाही' असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. हे १९६२ साल. गावानं त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी आस्को पेराला. माझा खोदकामाचा धंदा आहे, स्वतःचा जेसीबी आहे. घरांचे पाये, पाण्याचे पाट, विहिरी, आणि चर्चच्या कामातून कबरी. थंडीत आमच्याकडे जमीन मीटरभर गोठते, तिथे फावड्याचं काम नाही. त्यामुळे महिन्यातून दोनतीनदा मला केर्तूबाईंकडे चिठ्ठी घ्यायला जावं लागे. चिठ्ठीवर नाव, वय आणि कबरीची रांग. चिठ्ठीबरोबर कपभर कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव, तो बहुधा कालचा. मी बोलायचो, त्या ऐकायच्या. म्हणजे ऐकायच्या असं मी धरून चालायचो.

एकदा पानगळीच्या दिवसांत चिठ्ठी मिळाली, तीवर किवेलांच्या रेइनोचं नाव. वय एक्केचाळीस.

"पुन्हा किवेला!" मी म्हटलं. "केर्तूबाई, त्या घराला काही शाप आहे का हो? दोन वेळा विहीर बुजवून नवी खणली त्यांनी. दुसरी तर मीच खणली. पाणी अगदी गोड लागलंय. तरी चाळिशी आली की एकेक जण आडवा."

"सातवी रांग," केर्तूबाई म्हणाल्या. "बर्चच्या झाडाच्या मुळाला धक्का लावू नकोस."

"आम्हा पेरालांकडून मात्र चर्चला काही काम मिळायचं नाही. आमच्या घरात नव्वदीच्या आत कुणी हलत नाही. भिंतीवर फोटो आहेत पाच, पाचही जण नव्वदीपुढचे. दात शाबूत, डोकं शाबूत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पावाची बशी माझ्याकडे सरकवली. मी दुसरा पाव घेतला. वास्तविक तेव्हा मला दोन महिन्यांपासून शौचाच्या वाटे रक्त जात होतं. दिवसभर जेसीबीच्या सीटवर बसणाऱ्याला मूळव्याध व्हायचीच, असं मी स्वतःला समजावलं होतं आणि बायकोला सांगितलं नव्हतं. सदतीस वर्षांचा पेराला होतो मी. मला काय धाड भरणार होती?

आता त्या पानगळीच्या आधीच जे घडून गेलं होतं ते मला नंतर डॉक्टर सार्किया यांनी सांगितलं. या बाई विद्यापीठाच्या इस्पितळातल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का येतो, आणि तोही तरुणपणी का, याचा शोध घेत होत्या. पेशींमधला एक दोष बापाकडून किंवा आईकडून मुलाकडे जातो, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. किवेलांचं नाव इस्पितळाच्या कागदांत इतक्या वेळा आलं, की त्या सरळ गाडी काढून आमच्या चर्चच्या कचेरीत आल्या. परवानगीचं पत्र बरोबर होतं. त्यांनी किवेला आडनावाच्या लोकांची यादी केर्तूबाईंपुढे ठेवली.

"काही जुळत नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्मे किवेला तरुणपणी जातात, आणि निम्म्यांना काहीही होत नाही. काही तर एकाच घरात राहून ठणठणीत म्हातारे झालेत. घराण्याचं रक्त म्हणावं तर हिशेब लागत नाही."

केर्तूबाईंनी यादी वाचली, घडी घातली आणि परत दिली. "तुम्ही नावाच्या मागे लागलाय. तुम्ही शहरातल्या."

"म्हणजे?"

"आमच्याकडे नाव माणसाचं नाही, घराचं. पूर्वी तर तसंच होतं. जो ज्या घरी राहायला गेला त्याला त्या घराचं नाव. घरजावई गेला की सासऱ्याच्या घराचं. शेत विकत घेऊन कुणी परका आला तर तोही दुसऱ्या दिवसापासून किवेला. तुमचे ते ठणठणीत म्हातारे त्यातले. नाव घरीच बसतं बाई, आणि रक्त गावभर हिंडतं."

डॉक्टरीणबाई म्हणतात, पाच वर्षांत कुणी मला इतकी कामाची गोष्ट सांगितली नव्हती, आणि तीही इतक्या तुसडेपणानं.

त्या वर्षी केर्तूबाईंनी उन्हाळ्याची सुट्टी घेतली आणि ती सगळी कचेरीतच घालवली. घरी उरलेल्या वॉलपेपरची एक गुंडाळी होती. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी किवेलांचा वंश आखला. कोणता मुलगा कुठल्या घरी घरजावई गेला, कोणती मुलगी कुठे दिली, त्यांची मुलं पुढे कुठल्या नावानं लागली. दीडशे वर्षांचं. गुंडाळी कचेरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली आणि किवेलाचं रक्त निघालं अकरा घरांत. अकरा घरांना अकरा नावं, आणि एकाही घराला दुसऱ्याशी आपलं काही नातं आहे याचा पत्ता नाही. सुट्टीच्या त्या दोन महिन्यांत त्यांनी कधी नदीवर आंघोळ केली नाही, की रानफळं वेचायला गेल्या नाहीत, हे मी खात्रीनं सांगतो, कारण समोरच्या रस्त्याचा पाट मी खणत होतो आणि त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसत होता.

इस्पितळानं अकरा घरांना पत्रं पाठवली. तपासणीला या, रक्ताचा नमुना द्या, बोलू. मला पत्र मिळालं तेव्हा पानगळीनंतरचा मार्च लागला होता. मी वाचलं, 'किवेला घराण्याशी संबंध' एवढे शब्द पाहिले आणि शेगडीत टाकलं. माझा आणि किवेलांचा काय संबंध? एक विहीर. सरकारी लोकांचा घोळ, दुसरं काय.

आठवड्यानं केर्तूबाईंचा फोन आला. "ये," म्हणाल्या आणि ठेवला.

मी गेलो. बूट झटकून आत शिरलो आणि नेहमीसारखा हात पुढे केला. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," केर्तूबाई म्हणाल्या. "बस."

मी बसलो. टेबलावर चिठ्ठी नव्हती.

"तुला पत्र आलं असेल."

"कसलं?"

"ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी मला बोलता येत नाही. काय केलंस त्याचं?"

"शेगडीत."

"वाटलंच." त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, एक जाडजूड वही काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. एका ओळीखाली त्यांनी कागदाची पट्टी लावली होती. "शंभर वर्षांपेक्षा जुनं पान कुणालाही पाहता येतं. त्याला परवानगी लागत नाही, तसा नियम आहे. हे १८८९ चं. त्यापुढचं मला दाखवता येत नाही आणि मी दाखवणार नाही. मी कॉफी करते."

इतकी वर्षं त्यांची कॉफी पितोय मी. चार मिनिटांत होते. त्या दिवशी त्यांनी वीस मिनिटं लावली.

जुनं वळणदार अक्षर होतं. मी बोट ठेवून एकेक शब्द लावत गेलो. नोव्हेंबरची अकरा तारीख. मुलगा, इसाक्की. बाप किवेला घराचा मालक. इसाक्की नावाची माणसं तेव्हा पैशाला पासरी होती, पण ही तारीख मला पाठ होती. दर उन्हाळ्यात आईबरोबर जाऊन ज्या दगडाभोवतीचं गवत मी उपटत आलो, त्यावर तीच कोरलेली आहे. इसाक्की पेराला. माझे आजोबा.

आजोबा पेराला घरी घरजावई आले होते, हे मला तसं माहीत होतं. पण कुठून आले, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. ते बेचाळिसाव्या वर्षी पोटदुखीनं गेले. आजी सांगायची, हिरवे बटाटे बाधले. सगळं घर साठ वर्षं त्या बटाट्यांना बोल लावत आलं. भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता. बेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या घरजावयाचा फोटो कोण लावतो? माझे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी ट्रॅक्टरसकट तळ्याच्या बर्फाखाली गेले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बर्फानं नेलं म्हणून त्यांनाही कुणी या हिशेबात धरलं नाही. मी ज्या नव्वदीपुढच्या फोटोंच्या जोरावर छाती काढून हिंडत होतो, ते सगळे आजीच्या बाजूचे होते.

केर्तूबाई कॉफी घेऊन आल्या. त्या ओळीवरचं बोट मी अजून उचललं नव्हतं.

"हे माझे आजोबा," मी शेवटी म्हटलं.

"मी काही बोललेले नाही."

"म्हणजे मी किवेलाच की."

"पानावर आहे ते पानावर आहे." त्या खुर्चीत बसल्या, पण कपाला हात लावला नाही. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "आस्को, या रक्ताच्या एकोणीस नोंदी मी माझ्या हातानं लिहिल्यात. एकोणीस. प्रत्येक वेळी वयाच्या रकान्यात येऊन हात अडतो. जूनमध्ये मी निवृत्त होतेय. तुझी नोंद मला लिहायला लावू नकोस. एवढं ऐक माझं."

मी मान खाली घातली आणि जे बायकोला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. "रक्त जातंय. पानगळीच्या आधीपासून."

"मला काय सांगतोस? मी कारकून आहे," केर्तूबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच फोन उचलून इस्पितळाचा नंबर फिरवला. नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून कुणी बोलल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि वही उचलून कपाटात ठेवायला गेल्या.

बायकोला, सिर्काला, मी घरी येऊन सांगितलं. ती भांडली. आधी आजाराबद्दल नाही, तर लपवल्याबद्दल. मग आजाराबद्दल रडली. मग माझी बॅग भरली.

तपासणीत आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर सार्किया आमच्यासमोर बसल्या. सिर्कानं विचारलं, "तरुण वयात झालाय म्हणजे जास्त वाईट ना? लोक म्हणतात, तरुणपणी हा झपाट्यानं वाढतो."

"सरसकट तसं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पहा. शरीरात पेशींच्या सारख्या नकला निघत असतात, आणि नकलेत चुका होतात. त्या चुका पकडून दुरुस्त करणारा एक जण आत असतो. तुमच्या केर्तूबाईंसारखा. यांच्याकडे तो कारकूनच जन्मापासून निम्मा गैरहजर आहे. म्हणून चुका साचतात आणि गाठ इतरांपेक्षा वीसतीस वर्षं आधी येते. पण चुका इतक्या ढीगभर असतात ना, की शरीराला ती गाठ परकी म्हणून ओळखू येते. ते तिच्याशी भांडतं. ऑपरेशननंतर या दोषाची माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त टिकतात, असं आम्हाला दिसतंय. गाठ अजून बाहेर पसरलेली नसेल, तर यांचं वय आणि यांचा दोष, दोन्ही यांच्या बाजूनं आहेत. मी वचन देत नाही. आशा मात्र पुष्कळ आहे."

"म्हणजे ज्यानं मारायला घेतलं, तोच वाचवणार?" मी म्हटलं.

"तोच. आजोबांनी दिलेलं आहे, परत करता येत नाही. निदान त्यातलं चांगलं तेवढं घ्या."

त्यांनी माझं बरंचसं आतडं काढलं, कारण उरलेल्यात पुन्हा गाठ यायचा धोका होता. गाठ बाहेर पसरलेली नव्हती. शुद्धीवर आलो तेव्हा सिर्का उशाशी बसून लोकरी मोजे विणत होती आणि टाके चुकवत होती. त्यानंतरचे दिवस मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की तेव्हापासून कुठलंही खोदकाम घेताना मी आधी विचारतो, संडास किती अंतरावर आहे. गावातले लोक हसतात. हसू देत. हसण्याचा आवाज ऐकायला मी इथे आहे.

इस्पितळात केर्तूबाईंचं पोस्टकार्ड आलं. 'पेराला आस्को यांस. प्रकृतीस आराम पडो. सातव्या रांगेत पाणी साचले आहे. आल्यावर पाहणे.' शेजारच्या खाटेवरच्यानं वाचून विचारलं, ही कोण बाई एवढी कोरडी? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

जूनमध्ये त्यांच्या निवृत्तीची कॉफी झाली. मी काठी टेकत गेलो. संधी साधून त्यांना कोपऱ्यात गाठलं. "केर्तूबाई, अकरा घरं होती. पत्रं अकरांनी जाळली असतील. मग ते पान तुम्ही मलाच का दाखवलंत?"

"माझ्या तोंडावर कुलूप. कायदाच आहे तसा," त्या म्हणाल्या. "मला एक असा हवा होता, ज्याच्या तोंडाला कुलूप लागतच नाही. फार शोधावं लागलं नाही."

मला राग यायला हवा होता. मी इतका हसलो की टाके दुखले. आणि मग त्यांनी ठरवलेलं काम मी केलं. सहकारी दुकानात, पेट्रोल पंपावर, सॉनाच्या वाफेत, जिथे माणूस सापडेल तिथे मी माझं पोट दाखवून सगळं सांगितलं. बाकी दहाही घरी जाऊन बसलो. शंभर वर्षांपूर्वीच्या पानांच्या तारखा केर्तूबाईंनी मला एका चिठ्ठीवर लिहून दिल्या होत्या, तेवढ्याला नियम आड येत नव्हता. काहींनी कॉफी दिली, एकानं कुत्रा सोडला. एका घरी मला पोचायला उशीर झाला. त्या घराचं काम मी पानगळीवर ढकललं होतं, कारण त्या माणसाशी माझं कुंपणावरून वाकडं होतं. मी गेलो तेव्हा तो इस्पितळातून घरी आला होता, कापूनही काही उपयोग नाही म्हणून. चव्वेचाळीस वर्षांचा. त्याची कबर मीच खणली. आजही त्या घरावरून जाताना मी जेसीबीचा वेग कमी करतो आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

बाकीच्यांनी रक्त दिलं. तेवीस जणांत दोष निघाला. काहींना लवकर कापलं, काहींना नुसतं दर दोन वर्षांनी तपासतात. माझी मुलगी साइला अठरा वर्षांची झाली तेव्हा तीही स्वतःहून गेली. तिच्यातही निघाला. नाणं उडवावं तसं, निम्मी शक्यता असते, आणि ते चुकीच्या बाजूला पडलं. मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. मला तिच्याकडे बघवेना.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "तुझं नाकही मला दिलंस, त्याची कधी माफी मागितलीस? नाक काही कापून टाकता येत नाही. याचं निदान वेळेवर कळतं तरी."

एकोणतिसाव्या वर्षी तिच्या आतड्यात मसुरीएवढा एक कोंब दिसला, आणि डॉक्टरांनी तो तपासणीतच खुडून टाकला. दुपारी ती कामावर परत गेली. असेच कोंब आजोबांच्या पोटात वाढत गेले असतील, आणि घरचे बटाटे निवडत बसले असतील.

इतक्या वर्षांत केर्तूबाईंचे आभार मानायचा मी अनेकदा प्रयत्न केला. मी सुरुवात केली की त्या उठून कॉफी करायला जात. त्यांच्या दारचा बर्फ मी काढत असे, छपराची गळती बुजवत असे. त्याला त्यांची हरकत नव्हती. शब्दांना होती.

त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांनाच रक्त जायला लागलं. इस्पितळात मी नेलं. गाडीत त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. एकाएकी म्हणाल्या, "आर्वोचं नाव नाही मिळालं. आजार तरी मिळाला म्हणायचा."

आर्वो गेल्यावर बावन्न वर्षांनी त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी प्रथम ऐकलं. मी गाडी रस्त्यावर सरळ ठेवायच्या कामात गुंतलो.

तपासणीत त्यांच्या गाठीत तो दोष निघाला नाही. साधा, म्हातारपणी येतो तसला कॅन्सर होता. डॉक्टरीणबाईही आता पिकल्या होत्या. त्या खाटेवर बसून म्हणाल्या, "केर्तूबाई, तुमच्यासारख्यांत गाठीपेक्षा वयाची काळजी जास्त. हृदय थकलेलं आहे. ऑपरेशन झेपलं तर झेपलं."

"म्हणजे यातही मी किवेला नाही," केर्तूबाई म्हणाल्या. "बरं. कापा."

झेपलं. दोन हिवाळे त्या आणखी जगल्या. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी बर्फ काढायला गेलो, तर घराच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. झोपेतच गेल्या होत्या. शहाऐंशी वर्षं.

कबर मी खणली. वरचा गोठलेला थर यंत्रानं काढला, आणि मग खाली उतरून कडा फावड्यानं साफ केल्या. इतक्या वर्षांत मी कुणासाठी हे केलेलं नाही.

चर्चमध्ये शवपेटी पुढे होती. आमच्याकडे प्रार्थनेनंतर एकेक कुटुंब उठून फुलं ठेवतं आणि फुलांवरच्या कार्डावरचा मजकूर मोठ्यानं वाचतं, आधी नातेवाईक, मग बाकीचे. नवे पाद्री म्हणाले, "आता जवळचे नातेवाईक पुढे येतील." पहिलं बाक रिकामं होतं. कुणी हललं नाही. ते रिकामं बाक मला बघवेना, म्हणून मी उठलो.

पेटीपाशी गेलो, फुलं ठेवली, कार्ड उघडलं. सिर्कानं कार्डावर चार ओळी निवडून लिहिल्या होत्या. चष्मा गाडीत राहिला होता. सगळं चर्च माझ्या पाठीकडे बघत होतं आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं. त्या बाईंना कसलं वाचून दाखवायचं आणि काय? त्यांच्या वहीच्या रकान्यांत जे बसायचं, नाव आणि वय, तेवढं मी बोललो.

"आस्को पेराला. वय एकोणसाठ."

आणि बाजूला झालो. मागे बाक वाजलं. कोस्कीकडची आइला उठून आली, फुलं ठेवली. तिनं कार्ड उघडलंच नाही. "आइला कोस्की. वय एकाहत्तर." तिच्यामागे निएमीचे दोघे भाऊ. "त्रेपन्न." "अठ्ठेचाळीस." मग रेइनो किवेलाच्या दोन्ही मुली, मग ज्यानं कुत्रा सोडला होता तो म्हातारा. लोक एकामागून एक येत राहिले. दहा घरांची, दहा नावांची माणसं, आणि प्रत्येक जण केर्तूबाईंना आपलं नाव आणि वय सांगून जात होता. अकराव्या घरातून त्या माणसाची विधवा आली. तिनं फुलं ठेवली, पेटीवर हात ठेवला आणि काही न बोलता परत गेली. पाद्री माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळत नव्हतं आणि मी काही सांगितलं नाही.

सर्वांत शेवटी साइला आली. "साइला पेराला," ती म्हणाली. "वय बत्तीस." तिचा आवाज स्वच्छ होता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. तेव्हा माझा बांध फुटला. मी, जेसीबीवाला माणूस, सगळ्या गावादेखत हुंदके देऊन रडलो, आणि एकवीस वर्षं जे त्यांनी मला म्हणू दिलं नव्हतं ते मोठ्यानं म्हटलं, "केर्तूबाई, तुमचे फार उपकार आहेत."